रॉकेट घरीच करायचं तर पाण्याचं करा

वेंगुर्ल्याजवळच्या एका पालकांनी विचारलं आहे: मुलगा आठवीत आहे, त्याला घरच्या सामानातून रॉकेट करायचंय. मोबाइलवर कुठेतरी पाहून त्याने बेत आखला होता की दिवाळीत उरलेले फटाके सोलायचे आणि आतली दारू पुठ्ठ्याच्या नळीत ठासायची. तो बेत त्यांनी थांबवला, पण मुलाची हौस मोडायची नाहीये. मग सुरक्षित असं काय करता येईल? ते किती उंच जाईल? घरासमोरच्या पुळणीवर उडवलं तर चालेल का? आणि समुद्राचंच पाणी वापरलं तर?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. दर वर्षी भातकापणी आटोपली की आठवी-नववीच्या मुलांना घेऊन पाण्याची रॉकेटं उडवायची, हा नेम कधी चुकवला नाही. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो. लांबेल, पण मुलाला शेजारी बसवून वाचा.

आधी दारूचं. तुम्ही बेत थांबवलात ते फार बरं केलंत. फटाका सोलताना दारू घासली जाते आणि नुसत्या घासण्यानेही ती पेटू शकते. आवाजाच्या फटाक्यातलं मिश्रण तर शांतपणे जळतच नाही, एकदम भडका घेतं. ते नळीत ठासून भरलं की वायू किती वेगाने तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट किती आहे, यावर ती नळी उडणार की फुटणार हे ठरतं. तो हिशेब घरी मांडता येत नाही. शिवाय १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असलं काही बनवणं गुन्हा आहे. माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत घरी कर्कटकाच्या टोकाने फटाके सोलत होता. दोन बोटं आणि तळहात भाजला. चित्रकला इतकी सुंदर असलेला मुलगा, सहामाहीचा पेपर त्याला लेखनिक घेऊन द्यावा लागला. त्या दिवसापासून दारूची रॉकेटं हा विषय माझ्यासाठी संपला. साखर आणि खतं मिसळून करायच्या ज्या कृती मुलं पाहतात, त्याही याच जातीच्या आहेत. तिकडे जाऊ नका.

पाण्याचं रॉकेट म्हणजे दुधाची तहान ताकावर असं मात्र समजू नका. मोठ्या रॉकेटला वर ढकलणारा नियमच इथेही काम करतो. बाटलीत पाणी आणि वर दाबलेली हवा. तोंड उघडलं की हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाणी जितक्या जोराने खाली जातं तितक्याच जोराने बाटली वर जाते. दाब ४० पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) असेल, म्हणजे स्कूटरच्या चाकात असतो त्याच्याहून थोडा जास्त, तर पाणी सुरुवातीला ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतं. दोन लिटरच्या बाटलीचं तोंड जेमतेम पावणेबावीस मिलिमीटर रुंद, तरी तेवढ्यातून मिळणारा जोर साधारण २० किलो वजनाइतका असतो. पाण्यासकट रॉकेटचं वजन पाऊण-एक किलोच्या आत. म्हणजे जोर वजनाच्या वीसपटीहून जास्त! सगळं पाणी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास संपतं. डोळ्याला फक्त पांढरी रेघ दिसते आणि बाटली वर पोचलेली असते.

मुलाला एक प्रयोग जरूर करू द्या. एकदा नुसती हवा भरून बाटली उडवा, मग तितक्याच दाबाला एक तृतीयांश पाणी भरून उडवा. नुसत्या हवेची बाटली 'फट' करून थोडी वर जाते आणि डगमगत खाली येते. हवा हलकी असते, मागे फेकायला वस्तुमान फारच थोडं असतं. मग दोन तृतीयांश पाणी भरून बघा. आता फेकायला भरपूर आहे, पण ते फेकणारी हवा कमी पडते आणि बाटली जड होऊन लोळते. मधे कुठेतरी सोन्याचं माप आहे, ते तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येतं. दोन लिटरच्या बाटलीला ६०० ते ७०० मिलिलिटर. हे माप मी सांगण्यापेक्षा मुलाने वहीत पाच-सहा उड्डाणांची नोंद करून स्वतः शोधलं तर ते त्याचं होईल.

बाटली घ्यायची ती फक्त थंड पेयाची, फसफसणाऱ्या पेयाची. साध्या पाण्याची बाटली अजिबात नको, ती दाब धरण्यासाठी केलेलीच नसते. काचेची, धातूची किंवा नळकामाच्या प्लॅस्टिक पाइपची टाकी करायचा विचार मनातही आणू नका, फुटली तर तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. बाटली नवी, खरवडा न पडलेली, पोचा न आलेली हवी. उन्हात पडून राहिलेली, किंवा दुमडून पांढरी रेघ उमटलेली बाटली बाद. लेबल काढताना ब्लेड लावू नका, कोमट पाण्यात भिजवून सोला. गरम पाणी चालत नाही, कारण हे प्लॅस्टिक तापलं की आक्रसतं. याच कारणाने गरम गोंदाची बंदूक बाटलीच्या अंगाला लावू नये. चांगली रुंद चिकटपट्टी पुरते.

बाटली तपासायची एक पद्धत सांगतो, ती फार उपयोगी आहे. बाटली गळ्यापर्यंत पाण्याने पूर्ण भरा, हवा जवळजवळ ठेवूच नका, आणि मग पंपाने दाब द्या. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे त्यात जोर साठून राहत नाही. बाटली कमजोर असेल तर फाटून पाणी सांडेल, एवढंच. हवेने भरलेली बाटली फाटली तर स्फोटासारखी फाटते. म्हणून नवी बाटली आधी पाण्याने भरून तपासायची, आणि दहा-पंधरा उड्डाणं झाली की तिला निरोप द्यायचा.

आता बूच. सगळ्या रॉकेटचा जीव बुचात आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत वायू तयार करायच्या उपकरणाला एका भोकाचं रबरी बूच असतं, तसलं बाटलीच्या तोंडात अर्ध्याच्या वर शिरेल असं शोधा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात सुटंही मिळतं. मग पंक्चरवाल्याकडून सायकलच्या बाद ट्यूबचा धातूचा व्हॉल्व्ह नटासकट मागून घ्या. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूबच्या रबराचा एक रुपयाच्या नाण्याहून लहान गोल चकती राहील इतका भाग ठेवून बाकीचं कापून टाका. बुचाच्या निमुळत्या बाजूने व्हॉल्व्ह आत घाला, दांडी जाड बाजूने बाहेर येईल. बाहेरून वायसर घालून नट आवळला की ती रबराची चकती बुचाला घट्ट बसते आणि हवा भोकातून निसटत नाही. दांडी जात नसेल तर भोक थोडं मोठं करून घ्यावं लागतं, पण ढिलं मात्र करू नका. आतली व्हॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हमधली बारीक रबरी नळी, नवी घाला. जुनी चिरलेली असते आणि मग पाणी उलटं पंपात येतं.

बूच किती घट्ट बसवलं यावर रॉकेट किती दाबाला सुटणार हे ठरतं. बूच ओलं करून, अर्धा वळसा देत, हाताच्या जोराने दाबायचं. हातोडी नाही, लाकडाचा ठोकळा नाही. हाताने बसवलेलं बूच बहुतेक वेळा २५ ते ४० पीएसआयच्या दरम्यान आपोआप सुटतं. पंपाला दाब दाखवणारा काटा असेल तर उत्तम. काटा ५० वर जाऊनही बूच हललं नाही तर थांबा, ते फार घट्ट बसलंय.

इथपर्यंत सगळी मुलं भराभर येतात. पुढचा भाग, तोलाचा, त्यांना कंटाळवाणा वाटतो, आणि खरं रॉकेट तिथेच घडतं. मुलांचा सगळा ओढा जास्त हवा भरण्याकडे. पण ज्या बाटलीला तोल नाही तिला जितका जास्त दाब द्याल तितकी ती जोरात कोलांट्या मारते. मी मुलांना बॅडमिंटनचं फूल दाखवत असे. ते कसंही उलटंसुलटं फेका, क्षणात बुचाची बाजू पुढे येते आणि पिसं मागे राहतात. बूच जड आहे आणि पिसांवर वारा जास्त लागतो, म्हणून. रॉकेटला हेच करायचं आहे. वजन नाकाकडे, वाऱ्याला अडवणारा भाग शेपटाकडे.

बाटली उलटी उभी असते, तोंड खाली. म्हणजे बाटलीचं बूड हे रॉकेटचं नाक झालं. दुसऱ्या एका बाटलीचा गळ्याकडचा निमुळता भाग कापून तो या बुडावर टोपीसारखा बसवा आणि चिकटपट्टीने गुंडाळा. त्याच्या आत ५० ते ८० ग्रॅम मऊ वजन हवं. शाळेत खेळायला असते ती रंगीत माती चालते, जुन्या रबरी चेंडूचा अर्धा भाग तर सर्वांत छान, कारण पडताना तोच आधी आपटतो आणि कोणाला लागलं तरी इजा कमी. खडे, खिळे, नटबोल्ट नाकात कधीही घालू नका. टोकदार नाक नको, गोलसरच हवं.

पंख म्हणून शेपटाला तीन पाती पुरतात. पुठ्ठा म्हटलं की आपल्याकडे आंब्याच्या पेटीचा हाताशी येतो. तो पहिल्या उड्डाणाला झकास, दुसऱ्याला भिजून लोळागोळा. आम्ही एक वर्ष पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या बुडाशी असतं त्या रुंद आवरणाची, पाती केली होती. सुकी विरी हलकी, चिवट, पाण्याला न घाबरणारी. पण रात्रीतून दमट हवेने ती वळली, तिन्ही पाती तीन दिशांना, आणि सकाळी रॉकेट भोवऱ्यासारखं गरगरत गेलं. शेवटी सापडली ती सनपॅकची शीट, क्लासच्या नाहीतर सभेच्या जाहिरातीच्या पाट्या असतात ती, आत पोकळ रेघा असलेली. भिजत नाही, वळत नाही, कात्रीने कापली जाते. त्याचं पातं साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ८-१० सेंटिमीटर बाहेर आलेलं ठेवा, पोकळ रेघा बाटलीपासून बाहेरच्या दिशेने जातील अशा.

तीन पाती समान अंतरावर लावायला कोनमापक लागत नाही. शिवणाचा दोरा बाटलीभोवती एक वेढा गुंडाळा, जुळलं तिथे कापा. तो दोरा साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरेल. तो तीन पदरी दुमडा आणि दुमडीवर पेनने खूण करा. परत बाटलीवर गुंडाळला की खुणा बरोबर तीन जागी येतात. त्या खुणांवरून पाती तोंडाकडच्या बाजूला, जमतील तितकी मागे, सरळ उभी लावा. पात्याच्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी. बाटली दाबाने किंचित फुगते, म्हणून आधी थोडी हवा भरून मग पट्टी लावली तर ती सुटत नाही.

मग तोल तपासा. रॉकेट रिकामं हवं, पाण्याशिवाय, कारण पाणी तर उडाल्या उडाल्या निघून जातं आणि उरलेली सगळी वाट रिकामी बाटलीच कापते. बोटावर आडवं ठेवून ते जिथे तोलतं तिथे खूण करा. हा झाला वजनाचा मध्य. आता रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती, पात्यांसकट, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर काढा, कापा आणि तो पुठ्ठाही बोटावर तोला. तो वाऱ्याच्या जोराचा मध्य, ढोबळ का होईना. वजनाचा मध्य वाऱ्याच्या मध्यापेक्षा नाकाच्या बाजूला निदान बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे ११ सेंटिमीटरच्या आसपास, पुढे हवा. नसेल तर नाकात वजन वाढवा किंवा पाती मोठी करा. शेवटची परीक्षा अंगणात: वजनाच्या मध्यावर दोरी बांधा, दीड-दोन मीटर सोडा आणि डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे करून फिरलं तर ते उडेल. शेपूट पुढे आलं किंवा आडवं झालं तर उडवायचं नाही, परत बाकावर.

हा तोल कळायला मोठमोठ्यांनाही वेळ लागला आहे. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा त्यांनी इंजिन वरच्या टोकाला बसवलं होतं. वरून ओढलं की खालचा भाग लोंबकळत सरळ राहील, अशी त्यामागची कल्पना. तसं होत नाही. इंजिन वर असो की खाली, ते रॉकेटबरोबरच कलतं. पुढे त्यांनीही इंजिन खाली नेलं. ते पहिलं रॉकेट अडीच सेकंद उडालं आणि ४१ फूट, म्हणजे साडेबारा मीटर उंच गेलं. तुमच्या मुलाची नीट तोललेली बाटली त्याच्या वर जाईल. हे त्याला नक्की सांगा, आणि दोन्हींच्या मधे विज्ञानाचं किती अंतर आहे तेही सांगा.

उडवायचा ठेपा साधा. बांबूच्या किंवा जुन्या पाइपच्या तीन काठ्या बाटलीच्या अंगाला अलगद टेकतील अशा जमिनीत रोवा, पात्यांच्या मधल्या जागेत. बाटली त्यांच्यातून सरळ वर सरकली पाहिजे, अडकता कामा नये. पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये रॉकेटचा वेग कमी असतो आणि पात्यांना वारा पकडता येत नाही, तेवढ्यापुरता हा आधार. खाली व्हॉल्व्हला आणि पंपाच्या नळीला जागा राहील इतकी बाटली दोन विटांवर उचललेली हवी.

पंपाची नळी हातभरच असते. ती तशीच वापरू नका. सायकलच्या किंवा नळाच्या सामानाच्या दुकानातून दाब सहन करणारी पाच मीटर नळी घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळा. पंप मारणारा माणूस मोठा असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मुलं त्याच्याही मागे दहा मीटर, वाळूत ओढलेल्या रेघेपलीकडे. दाब भरल्यानंतर बाटलीवर कोणी वाकायचं नाही, हात लावायचा नाही. बूच अडकून बसलं की मुलं हमखास धावत जातात, म्हणून व्हॉल्व्हच्या दांडीला आधीच काथ्याची दोरी बांधून तिचं टोक पंपाजवळ आणून ठेवा. अडकलं तर दुरून दोरीला झटका द्यायचा. बूच निघतं आणि रॉकेट आपल्या वाटेने जातं.

आता तुमच्या पुळणीचा प्रश्न. किनारा चांगला, पण वेळ बघून. दुपारी आपल्याकडे खारे वारे समुद्राकडून जमिनीवर येतात. मुलांना वाटतं, रॉकेट वाऱ्याबरोबर माडांकडे जाईल. होतं उलट. ठेप्यातून सुटताना वारा मागच्या पात्यांना ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेला वळतं. रॉकेट समुद्राच्या बाजूला कलतं आणि जोर असेपर्यंत तिकडेच जातं. पहिल्या वर्षी आमची तीन रॉकेटं अशी लाटांत गेली. पोहून आणायला मी कोणाला सोडलं नाही, एका होडीवाल्याने दोन परत आणून दिली. तेव्हापासून पहाटेची वेळ धरली. रात्रीचे मतलई वारे मंदावलेले असतात, खारे सुरू व्हायचे असतात. सूर्य उगवल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत हवा बहुतेक स्थिर असते. माडाची झावळी सळसळायला लागली की सामान आवरायचं.

भरतीओहोटी तुम्ही किनाऱ्यावरचे, तुम्हाला माहीतच असेल, पण मुलाला हिशेब शिकवायची ही छान संधी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला आणि त्याआधी सुमारे सहा तास, सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. म्हणजे द्वितीया-तृतीयेच्या सकाळी रुंद, ओली, घट्ट पुळण मिळते. ठेप्याच्या काठ्या घट्ट बसतात आणि पडताना बाटलीला मार कमी लागतो. ठेपा माडांच्या आणि विजेच्या तारांच्या शक्य तितका दूर, सुकत घातलेल्या जाळ्यांपासून लांब लावा. वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांत कासवांची घरटी पुळणीवर असतात. तुमच्याकडेही कुठे कुंपण घालून राखलेली घरटी असतील तर तो भाग सोडून द्या. जमलं तर कापणी झालेला मळा किंवा कातळाचा सडा हे किनाऱ्याहून बरं, कारण तिथे हरवलेली बाटली सापडते. समुद्रात गेलेलं प्लॅस्टिक आपण परत आणू शकत नाही.

माझ्या मुलांनी दर वर्षी विचारलेला प्रश्न तुमचाही मुलगा विचारेल: मग मोठी रॉकेटं आपल्या कोकणातून का उडवत नाहीत? उपग्रह सोडणारं रॉकेट पूर्वेकडे सोडलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग त्याला फुकटात मिळतो. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे, वापरून झालेले टप्पे पाण्यात पडतात. आपल्या पूर्वेला सह्याद्री आणि त्यापलीकडे भरवस्ती. पश्चिम किनाऱ्यावरून रॉकेट उडालंच नाही असं मात्र नाही. केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं संशोधन रॉकेट उडालं. ते कक्षेत जायचं नव्हतं, वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करून खाली यायचं होतं, आणि पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे ते गाव निवडलं होतं. तिथलं चर्च हे कार्यालय झालं, आणि रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. नारळाच्या बागा, होड्या, पुळण. मुलाला ते छायाचित्र दाखवलंत तर ओळखीचं वाटेल.

उंची मोजायचीच. 'खूप उंच गेलं' हे विज्ञान नाही. कोनमापकाच्या मध्यावर दोरा बांधून त्याला नट लटकवा, सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवा. ठेप्यापासून ३० मीटरवर एक मुलगा उभा करा, त्याने नळीतून रॉकेटचा वरचा टप्पा पकडायचा आणि दोरा बोटाने दाबून धरायचा. दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश सरकला तितके अंश नजर वर गेली. नजर ४५ अंशांत वर गेली असेल तर उंची ३० मीटर अधिक त्याच्या डोळ्यांची उंची. ६० अंश असतील तर तिसाला १.७३ ने गुणा आणि डोळ्यांची उंची मिळवा. बुचाची साधी रॉकेटं, तोल नीट असला तर, २० ते ३० मीटर जातात. पहिल्यांदा जेव्हा एक रॉकेट शाळेमागच्या उंच माडाच्या शेंड्यापलीकडे गेलं तेव्हा आठवीतला एक मुलगा ओरडला होता, "सर, माडाच्याय वर गेला ओ!" तो कोनमापक घेऊन उभा होता, दोरा दाबायचं विसरला. मग त्याने सलग सहा उड्डाणं चुकता न मोजली.

पॅराशूट पहिल्या दिवशी नको. दहा-बारा उड्डाणं सरळ झाली की मग पातळ पिशवीचा गोल, आठ दोरे, आणि सैल बसणारं नाक असं करून बघा. ते वेगळंच प्रकरण आहे, नाक वेळेवर सुटायला महिना जातो.

धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी एक लहान खेळ. गोळ्यांची नळी असते, दाबून बसणाऱ्या झाकणाची, तिच्यात थोडं पाणी आणि चिमूटभर इनो घालून झाकण लावायचं, उलटी ठेवून मागे सरायचं. काही सेकंदांत नळी टुणकन दोन-तीन मीटर उडते. लिंबाचा रस आणि खायचा सोडा यानेही चालते. मात्र झाकण दाबून बसणारंच हवं. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हे मिश्रण कधीही बंद करू नका, वायू किती तयार होतो यावर आपला ताबा नसतो.

राहिला समुद्राच्या पाण्याचा प्रश्न. खारं पाणी साध्यापेक्षा शंभरात अडीच भाग जड, उंचीत काही फरक जाणवत नाही. नुकसान मात्र होतं: व्हॉल्व्हचा नट दोन दिवसांत गंजतो, आणि व्हॉलट्यूब गळत असेल तर मीठ थेट पंपात जातं. विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून न्या, दहा उड्डाणांना सात लिटर पुरतं. घरी आल्यावर बूच, व्हॉल्व्ह आणि नळीचं टोक गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा, आणि व्हॉल्व्हच्या आट्यांना खोबरेल तेलाचा थेंब लावून ठेवा.